एका मोडक्या छत्रीची दोन वटवाघळं आणि एक कोळी

मोडकी छत्री टाकू नका. पुढचं वाचायला वेळ नसला तर एवढं एकच ध्यानात ठेवा. कोल्हापुरात पाऊस असा झोडपतो की गणपती येईपर्यंत घरटी एक तरी छत्री काडी मोडून दारामागं उभी असते. दुरुस्त करू म्हणून ठेवलेली, आणि कधीच दुरुस्त न होणारी. हॅलोविनचं निम्मं सामान त्या छत्रीत आहे.

मी मंगळवार पेठेत घरी ब्लाउज शिवते. पोरं दोन, थोरला तेरा वर्षांचा, धाकटी नऊची. 2023 ला धाकटी शाळेतून आली ती थेट, "मम्मी, आपल्याकडं पण हॅलोविन करायचं." मी तेव्हा शहाणपणा केला आणि ऑनलाइन एक सेट मागवला. साडेसहाशे रुपये. खोक्यात प्लास्टिकची एक झालर, दहा फुगे आणि पातळ कागदाची बारा वटवाघळं. पंखा लावला की वटवाघळं फरशीवर. धाकटीनं ती तीनदा चिकटवली, चौथ्यांदा रडली. त्या रात्री ठरवलं, पुढच्या वर्षी विकत काही नाही. "मी काय आता एक रुपायचं आणत नसतो," असं जाहीरही केलं. (आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना मी आलो, मी गेलो असंच म्हणतो. लिहिताना मात्र शाळेतल्या बाई आठवतात.)

सासूबाईंना आधी समजावून सांगावं लागलं. 1 नोव्हेंबरला ख्रिश्चन लोकांचा सर्व संतांचा दिवस असतो, त्याची आदली रात्र म्हणजे हॅलोविन, 31 ऑक्टोबर. त्याच्याही मागं आयर्लंड-स्कॉटलंडकडचा फार जुना सण आहे. सुगी संपली, थंडी आली, त्या रात्री मेलेली माणसं परत येतात अशी समजूत. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे त्यांची सर्वपित्रीच की. मग पान ठेवायचं आणि मोकळं व्हायचं." म्हटलं, तिकडं पान नाही, भुतांचा वेश करून पोरंच दारोदार फिरतात आणि गोळ्या-चॉकलेटं घेऊन जातात. त्यांना ते पटलं. नाहीतरी आमच्या गल्लीत दारादारावर लिंबू-मिरची आहे, नव्या बांधकामावर शिंगवाल्या राक्षसाचा मुखवटा आहे, रिक्षामागं काळी बाहुली आहे. भीतीदायक वस्तू टांगायला आपण काही अमेरिकेकडून शिकलेलो नाही.

तयारी कशी करायची ते दिवाळीवर अवलंबून. 2024 ला 31 ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. सकाळी पोरांनी कारीट फोडून नरकासुर मारला आणि संध्याकाळी भूत उभं केलं. गेल्या वर्षी दिवाळी आधी उरकली, त्यामुळं लाइटच्या माळा, मिठाईचे पुठ्ठे, किल्ल्याची माती असं सगळं शिल्लक होतं. यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, म्हणजे हॅलोविन येणार ऐन साफसफाईत. हे सगळ्यात चांगलं. माळ्यावरचं सामान उतरवताना जे टाकून द्यायला काढाल ते एका पोत्यात भरा, भंगारवाल्याला आठ दिवस थांबवा.

आता छत्री. लांब दांड्याची, काळी, आजोबांची असते ती हवी. घडीची छत्री घेऊ नका, तिच्या काड्या तीन ठिकाणी मोडतात आणि कामाला येत नाहीत. कापड प्रत्येक काडीच्या टोकाला दोऱ्यानं बांधलेलं असतं, आणि मध्ये एका ठिकाणी टाचलेलं असतं. ते टाके ब्लेडनं तुम्ही तोडा. वरची टोपी फिरवून काढली की अख्खं कापड हातात येतं, आठ पाकळ्यांचं. समोरासमोरच्या दोन शिवणींवरून कापलं की चार-चार पाकळ्यांचे दोन तुकडे. तुकडा जमिनीवर पसरा, सरळ कड वर, टोकं खाली. बघा, वटवाघूळ तयारच आहे! शिवणींची टोकं म्हणजे पंखाची टोकं, आणि काठाला कारखान्याची टीप असते म्हणून धागे सुटत नाहीत. फक्त इस्त्री लावू नका. मी लावली होती. कापड नायलॉनचं निघालं, इस्त्रीला जे चिकटलं ते अजून पुरतं निघालेलं नाही.

डोकं म्हणजे जोडी हरवलेला काळा मोजा. त्यात चिंध्या कोंबायच्या, तोंड दोऱ्यानं आवळायचं, वर दोन त्रिकोणी कान. हे काम पोरांचं. डोकं कापडाच्या वरच्या कडेच्या बरोबर मध्यभागी टाचा. टांगताना काळा दोरा दुहेरी घ्या, म्हणजे तो दिसत नाही. आणि खुबी इथं आहे: दोन्ही टोकं वर बांधायची आणि मधला भाग चार बोटं खाली सोडायचा. सरळ रेषेत टांगलं तर ते वाळत घातलेलं फडकं दिसतं. मध्ये झोळ पडला की उडतंय.

कापड संपलं, राहिला सांगाडा. त्याच्या काड्या मोजा. आठ! कोळ्याला पाय किती? धाकटीच्या हे आधी ध्यानात आलं, मला नाही. पक्कडीनं काड्या मुळापासून तोडायच्या, हे काम मोठ्या माणसाचं. तोडलेली टोकं धारदार असतात, त्यांना कापडाची पट्टी फेविकॉलनं गुंडाळा. प्रत्येक काडी तिसऱ्या हिश्श्यावर पक्कडीनं वाकवली की गुडघा झाला. अंगासाठी नारळाची करवंटी, पण खालची बिनडोळ्याची नको, तीन डोळे असतात ती घ्या. आत ओली शाडू किंवा किल्ल्यासाठी आणलेली माती गच्च भरायची, चार काड्या या अंगाला, चार त्या अंगाला खोचायच्या आणि दोन दिवस सावलीत ठेवायचं. माती वाळताना आक्रसते, पाय डुगडुगतात. प्रत्येक भोकात फेविकॉलचा थेंब सोडा. मग वरून काळा पोस्टर कलर.

थोरल्यानं हरकत घेतली, की बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात आणि आपल्या नारळाला तीनच आहेत. सासूबाईंनी आपल्या पाकिटातल्या पाच लाल टिकल्या काढून दिल्या. हिशेब पुरा झाला. हा कोळी जड असतो, टांगायचा नाही. कपाटाच्या वर अगदी कडेला ठेवायचा, पुढचे चार पाय खाली लोंबतील असा.

जाळ्यासाठी उशीतला जुना कापूस हातानं विंचरून, ताणून ताणून कोपऱ्यात लावायचा. जितका पातळ तितका खरा. जाड राहिला तर दवाखाना वाटतो. गॅलरीत किंवा झाडावर मात्र जाळं ताणू नका, चिमण्यांचे पाय अडकतात.

दुसरी करण्यासारखी गोष्ट म्हणजे पोकळ भूत, खळीचं. जुनं सुती कापड हवं, पाऊण मीटर चौकोनी: मलमल, विरलेला पंचा, सुती ओढणी. सिंथेटिक कापड खळ धरत नाही. मूठभर मैदा कपभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. तीन कप पाणी उकळत ठेवा, त्यात हा मैदा ओता आणि ढवळत राहा. डाव हलवताना मागं रेघ उमटायला लागली की गॅस बंद. पिठल्याइतकं घट्ट नको, कढीपेक्षा जरा जाड. भाताची घट्ट पेज असली तर तीही चालते. खळ कोमट होऊ द्या, नाहीतर पोरांचे हात भाजतील.

तोवर सांगाडा उभा करा. दोन लिटरची बाटली पाणी भरून, तिच्या तोंडावर टेनिसचा चेंडू चिकटपट्टीनं पक्का. दोन्ही बाजूंना दोन उंच ग्लास पालथे, हे हात. सगळ्यावर प्लास्टिकची पिशवी घाला, ती विसरलात तर भूत बाटलीला कायमचं चिकटेल. कापड खळीत पूर्ण बुडवायचं, हलकं पिळायचं, आणि चेंडूवर मध्य येईल असं सोडायचं. आता चुण्या पाडायच्या. मी शिवणारी बाई, मला हात लावल्याशिवाय राहवत नाही, पण इथं पोरांना करू द्या. आमच्या धाकटीनं एक बाजू ओढून इतकी लांब केली की भूत वाऱ्यात चालल्यासारखं झालं. मी नेटकं केलेलं शेजारी होतं, ते अगदी बाप्पावर घातलेल्या रुमालासारखं दिसत होतं.

गच्चीवर ऑक्टोबरच्या उन्हात एक दिवस पुरतो, सावलीत दोन. बोटानं टिचकी मारल्यावर टक् असा आवाज आला की अलगद वर उचला. बाटली खाली राहते, भूत हातात येतं, आतून रिकामं. काळ्या अस्तराचे दोन लंबगोल तुकडे डोळ्यांना. तोंड लावू नका, बिनतोंडाचं जास्त वाईट दिसतं.

एक चूक सांगते. पहिल्या वर्षी मला वाटलं खळीत थोडी साखर घातली तर कापड जास्त कडक होईल. झालंही. रात्रीत काळ्या मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरून भुताच्या डोळ्यांवरून फिरायला लागली. पोरं खूश, मला पहाटे ते भूत गच्चीवर न्यावं लागलं. साखर नको. बाइंडिंगवाले खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, तेही करू नका. ते विष आहे आणि पोरं बोटं चाटतात. भूत चार-पाच दिवस ठेवायचं, मग कापड पाण्यात टाकायचं, खळ निघून जाते, पंचा परत पंचा होतो.

भोपळ्यावाचून हॅलोविन नाही असं पोरांचं म्हणणं. खरं मूळ भोपळाही नव्हे. आयर्लंडकडं सलगम कोरून त्यात निखारा नाहीतर मेणबत्ती ठेवायचे. तिथली माणसं अमेरिकेत गेली, तिकडं भोपळा मुबलक आणि कोरायला सोपा, म्हणून तो आला. आपल्याकडं भोपळ्यात म्हातारी बसून लेकीकडून घरी येते, त्यांच्याकडं दिवा बसतो, एवढाच फरक.

मंडईत लाल भोपळ्याची फोड मिळते, अख्खा मागितला की भाजीवाली "घरात कार्य हाय काय?" म्हणून विचारते. कपिलतीर्थ मार्केटात सकाळी लवकर गेलात तर दोन-अडीच किलोचा, देठासकट मिळतो. देठ हवाच, ते झाकणाचं हँडल. घरी आल्यावर आमच्याकडं अडलं. बाईनं अख्खा भोपळा आधी फोडायचा नसतो, हा सासूबाईंचा नियम. मी वाद घातला नाही. दिरांना बोलावलं, त्यांनी सुरी लावली, पुढचं आम्ही केलं. खरं तर बरंच झालं, सालाला जोर लागतो.

झाकण कापताना सुरी तिरकी धरा, टोक आत मध्याकडं. सरळ कापलं तर झाकण आत पडतं. बिया आणि धागे पोरं चमच्यानं काढतात, बिया धुऊन, वाळवून, मीठ लावून तव्यावर भाजा. तोंड जिथं कोरायचं तिथली भिंत आतून खरवडून बोटभर जाडीची करा, तर उजेड बाहेर येतो. चेहरा पोरांनी पेनानं काढायचा, कापायचा तुम्ही. डोळे त्रिकोणी ठेवा, गोल कापताना हात घसरतो. 30 तारखेच्या संध्याकाळी कोरा, आदल्या आठवड्यात कोराल तर आपल्या हवेत बुरशी येईल. भोपळा महाग वाटला तर दुधी घ्या. साल मऊ, पोरांना चमच्यानंही कोरता येतो, आणि त्याचा तो फिकट हिरवा चेहरा आजाऱ्यासारखा दिसतो. मला विचाराल तर लाल भोपळ्यापेक्षा तोच जास्त अंगावर येतो.

ताग्यांच्या आत पुठ्ठ्याची नळी असते. महाद्वार रोडवरच्या कापडवाल्यांकडं मागितली तर फुकट देतात. वीतभराचे तुकडे करून प्रत्येकावर दोन तिरके डोळे कापा, आत लाइटची माळ सोडा आणि नळ्या कुंड्यांच्या मागं ठेवा. पाच मिनिटांचं काम.

बुजगावणं मात्र निवांत करा. माझं माहेर वडणगे. ऑक्टोबरात तिथं भाताची कापणी चालू असते, पिंजार हवं तेवढं मिळतं. पहिल्यांदा भावानं उसाचं पाचट पाठवलं होतं. पाचट भरू नका, पात्याची कड पोरांच्या हातावर रेघा ओढते आणि अंग खाजतं. जुना शर्ट-पँट घ्या, बाह्या आणि पायांची तोंडं सुतळीनं बांधा, पिंजार गच्च कोंबा. शर्ट पँटीला मोठ्या टाक्यांनी शिवा, नाहीतर बसवलं की कंबरेत दोन तुकडे होतात. डोकं म्हणजे उशीचा अभ्रा. चेहरा कोळशानं काढा. खुर्चीवर बसवायचं, एक पाय पुढं, मान जरा कलती. मान सरळ असली तर बाहुला, कलती असली तर मेलेला माणूस.

एवढं करूनही पहिल्यांदा जमलं नव्हतं. सगळं लावलं, ट्यूब चालू, पोरं आली आणि हसायला लागली. दीर आमच्या तालमीच्या मंडळात गणपतीच्या देखाव्याचं काम करतात. ते दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "वैनी, दिसतंय त्याचं पोरांस्नी भ्या वाटत नाही. निम्मं दिसतंय त्याचं वाटतंय." आणि त्यांनी ट्यूब बंद केली.

तेव्हापासून मी सामानापेक्षा उजेडाचा विचार जास्त करते. खोलीत एकच दिवा ठेवा आणि तो खाली, फरशीवर. माणसाला उजेड वरून बघायची सवय असते, खालून पडला की ओळखीचा चेहराही परका होतो. मोबाइलचा टॉर्च लहान ठिपक्यासारखा असतो म्हणून त्याची सावली कडक पडते. ट्यूबची पुसट पडते. मिठाईच्या पुठ्ठ्यातून हात कापा, लांब नखांचा, वीतभर. तो काडीला लावून टॉर्चच्या अगदी जवळ धरला की भिंतीवर छताएवढा हात येतो, भिंतीकडं सरकवला की लहान होतो. 2019 च्या महापुरात लाइट नव्हती तेव्हा थोरला मेणबत्तीपुढं हाच खेळ करायचा. कोळी कपाटावर दिसला नाही तरी चालेल, त्याच्या पायांची सावली छतावर दिसली पाहिजे.

पिंजार, कापूस आणि खळीचं कापड, तिन्ही भुरकन पेटतात. म्हणून तेलाची पणती किंवा मेणबत्ती यांच्या आसपास नको, भोपळ्यातसुद्धा नको. बॅटरीचे दिवे वापरा. पण त्या दिव्यांत बटणाएवढे चपटे सेल असतात, लहान पोरानं गिळला तर आतून अन्ननलिका भाजते. झाकणाला स्क्रू आहे का ते घेतानाच बघा, आणि तीन-चार वर्षांच्या पोरांच्या हाती दिवा देऊ नका. आणखी एक, जिन्यात काही लावू नका. आम्ही लावलं होतं. वरच्या मजल्यावरच्या आजी देवळातून आल्या, वटवाघूळ डोक्याला लागलं आणि त्या पायरीवर मटकन बसल्या. सुदैवानं काही झालं नाही, पण दोन दिवस बोलल्या नाहीत. लाडू घेऊन जावं लागलं. गल्लीतल्या बारक्यांना आधी उजेडात सगळं दाखवा, भूत हातात द्या, टिचकी मारू द्या. मग अंधार करा. ज्यानं बाटली बघितली आहे तो ओरडतो पण रडत नाही.

गेल्या वर्षीचा खर्च सांगून टाकते: भोपळा 90, बॅटरीचे चार दिवे 80, काळा रंग 25, चिकटपट्टी 20. एकूण 215 रुपये. वाटायला शेंगदाण्याची चिक्की घरी केली, तिचा गूळ-शेंगदाणा मी हिशेबात धरत नाही. भोपळ्याचं तोंडाकडचं सोडून बाकीचं खरवडून दुसऱ्या दिवशी घारगे केले.

वटवाघळं घडी करून माळ्यावर आहेत, यंदा नुसती झटकायची. कोळ्याचा एक पाय निखळलाय, दुसरी मोडकी छत्री दारामागं आहेच. बुजगावणं तेवढं नाही. 2 नोव्हेंबरला भाऊ दूध द्यायला आला, त्यानं खुर्चीवर बघितलं, चार पावलं मागं सरला, आणि जाताना मोटारसायकलवर मागं बसवून घेऊनच गेला. थंडीत माहेरी गेले तेव्हा ते शाळवाच्या रानात उभं होतं. मान अजून कलतीच होती. भाऊ म्हणाला, पाखरं येतात की नाही ते सोड, संध्याकाळी त्या वाटेनं माणसं यायची बंद झाल्यात.